रात्रीच्या पाण्यासाठी बनवलेला डोळा

जुन्नर तालुक्यात शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते. काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी लागली की माणूस अर्ध्या रात्री उठतो, विहिरीवर जाऊन मोटार चालू करतो आणि पहाटेपर्यंत उसाला दारं धरतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, पायात गमबूट, दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस. उसात बिबट्या आहे हे त्याला माहीत असतं. आत्ता, या घडीला, तो कुठं आहे हे मात्र माहीत नसतं. मी गेली काही वर्षं हातात धरायचं एक यंत्र बनवतो, ते या एवढ्याच माहितीसाठी.

माझा धंदा सीसीटीव्ही बसवण्याचा. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यातली दुकानं, पतसंस्था, पेट्रोल पंप, आणि हल्ली मोठ्या प्रमाणात गोठे. गोठ्यावरचे कॅमेरे चोरांसाठी म्हणून लागले, पण रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये चोर क्वचितच सापडतो. सापडतो तो बिबट्या. भिंतीवरून चालत जाणारा, पाण्याच्या टाकीशी थांबलेला, कुत्र्याच्या मागावर असलेला. एका गोठ्याचे मालक, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, रोज सकाळी चहा घेताना रात्रीचं रेकॉर्डिंग बघायचे. थोड्याच दिवसांत त्यांना त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा कळल्या, कुठल्या बाजूनं येतो ते कळलं. त्यांनी जाळी त्या बाजूनं उंच केली आणि त्यांची झोप परत आली. मग म्हणाले, "गोठ्यात बसून मला सगळं दिसतंय रे. पण मी मरायचा तर विहिरीच्या वाटंवर मरंन. तिथं हातात घेऊन जाता येईल असं काय कर." तात्यांच्या त्या बोलण्यातून हे काम सुरू झालं.

आमच्याकडे ही भीती पोकळ नाही. बिबट्याच्या हल्ल्यात तालुक्यातली माणसं गेलेली आहेत, लहान मुलं गेलेली आहेत. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, कालवे आले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. वर्ष-दीड वर्ष त्या उसात आतपर्यंत फारसं कोणी शिरत नाही. आडोसा आहे, पाणी आहे, वस्तीवरची कुत्री-शेळ्या हाकेच्या अंतरावर आहेत. मादी तिथंच विते. शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरा ट्रॅप लावून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. माणसांची दाट वस्ती, सगळीकडं शेती, तरी दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे, आणि जवळपास तितकीच तरसं. बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा. म्हणजे हा जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा नाही. तो इथलाच आहे, आणि आपण रात्री पाणी भरतो तेव्हा त्याचीही कामाची वेळ असते.

आता यंत्राबद्दल. रात्री बघण्याच्या महागड्या दुर्बिणी असतात, त्यात चांदण्याचा प्रकाश नळीत हजारो पटींनी वाढवतात. उष्णतेवरून चित्र काढणारे थर्मल कॅमेरे असतात, त्यांना साधी काच चालत नाही, जर्मेनियमचं भिंग लागतं. दोन्ही आमच्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर. पण तिसरा मार्ग फार जुना आहे आणि तो माझ्या धंद्याच्या पेटीतच पडलेला होता. माणसाला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकायचा आणि तो दिसणाऱ्या यंत्रातून बघायचं. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत अमेरिकन सैनिकांनी बंदुकीवर बसवलेली दुर्बीण वापरली ती याच पद्धतीची. खाली अवरक्त दिवा, वर दुर्बीण आणि पाठीवर जड बॅटरी. आज कुठल्याही दुकानावर लावलेल्या कॅमेऱ्यात तेच तत्त्व आहे, फक्त सगळं मिळून मुठीत मावतं.

कॅमेऱ्याच्या सेन्सरमधलं सिलिकॉन मुळातच अवरक्त बघतं. आपल्या डोळ्याची हद्द साधारण ७०० नॅनोमीटरला संपते, सिलिकॉनची ११०० च्या आसपास. दिवसा हा जास्तीचा प्रकाश रंग बिघडवतो, म्हणून सेन्सरसमोर तो अडवणारी एक काच असते. दिवस-रात्र चालणाऱ्या कॅमेऱ्यात संध्याकाळी 'टक्' असा बारीक आवाज येतो, तो ही काच बाजूला सरकल्याचा. ती काच काढूनच टाकली की कॅमेरा कायमचा रात्रीचा होतो. दिवसा त्यातून बघितलं तर उसाचं पान पांढरंफटक दिसतं, कारण हिरवं पान अवरक्त प्रकाश बराचसा परत फेकतं. माझी काळी पॅन्ट त्यात जांभळट दिसते. आमच्या कामाला त्यानं काही बिघडत नाही.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सुटे कॅमेरा बोर्ड मिळतात. सोनीच्या स्टारव्हिस जातीचा सेन्सर असलेला बोर्ड घ्यावा, तो कमी उजेडात आणि अवरक्तातही चांगलं काम करतो. असे बोर्ड चार प्रकारचे सिग्नल देतात. त्यातला जुना सीव्हीबीएस निवडला की गाडीच्या रिव्हर्स पार्किंगसाठी मिळणारा छोटा स्क्रीन थेट जोडता येतो. तो बारा व्होल्टवर चालतो, कॅमेराही बारा व्होल्टवरच. तीन लिथियम सेल एकापुढं एक जोडले आणि त्यांच्यावर संरक्षणाचा बोर्ड लावला की दोन्हींची सोय झाली. खोकं पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचं. शेतात पडलेल्या पाइपचे तुकडे कोणाच्याही घरी असतात. एका बाजूला कॅमेऱ्याची लेन्स, दुसऱ्या बाजूला स्क्रीन, वर टॉर्च, खाली फावड्याच्या दांड्याचा कापलेला तुकडा मूठ म्हणून. सगळा खर्च चार-साडेचार हजारांच्या आत बसतो, आणि त्यात सगळ्यात महाग असतो तो सेलचा भाग. भंगारातले सेल घालू नयेत. रात्री शेतात खिशाजवळ पेट घेणारं काही मी कोणाच्या हातात देत नाही.

बोर्डाबरोबर येणारी ३.६ मिलिमीटरची लेन्स दुकानासाठी ठीक. पन्नास मीटरवरचा बिबट्या तिच्यात ठिपक्याएवढा येतो, तो कुत्रा आहे की दगड तेही कळत नाही. मी १६ मिलिमीटरची लावतो. तिच्यातून पन्नास मीटरवर साधारण सतरा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. एवढ्यात उसाची कड, बांध आणि पाऊलवाट तिन्ही मावतात. २५ ची लावली तर प्राणी मोठा दिसतो, पण हात थरथरतो आणि कुठं बघतोय याचा पत्ता लागत नाही. आणि लेन्सचा फोकस रात्री, अवरक्त दिव्यातच करावा लागतो. दिवसाच्या उजेडात धारदार बसवलेला फोकस रात्री पुसट होतो, कारण काचेतून जाताना अवरक्त किरण वेगळ्या अंतरावर एकत्र येतात. एकदा बसला की नेलपॉलिशचा थेंब टाकून चूडी पक्की करायची.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत स्लो शटर नावाचं एक सेटिंग असतं. अंधारात चित्र उजळ करण्यासाठी ते प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी ठेवतं. दुकानात ते उपयोगी, पण शेतात बंद करावं लागतं, नाहीतर चालणारा प्राणी लांबट धूसर पट्टा होऊन जातो आणि ओळखायचं जे असतं तेच हरवतं. थोडं खरखरीत चित्र परवडलं.

आणि मग दिवा. सगळं कौशल्य दिव्यात आहे असं मी शिकायला येणाऱ्या पोरांना सांगतो. बाजारातली झूमवाली टॉर्च घ्यायची, तिच्यातला पांढरा एलईडी काढायचा आणि ८५० नॅनोमीटरचा अवरक्त एलईडी बसवायचा. पांढऱ्याला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, साध्या अवरक्ताला दीड-पावणेदोन. आतला ड्रायव्हर न बदलता नुसता एलईडी बदलला तर तो काही मिनिटांत जळतो. झूमचं भिंग पुढं-मागं करून प्रकाश लेन्सच्या दृष्टिक्षेत्राएवढाच करायचा. त्याच्या बाहेर पडलेला प्रत्येक किरण वाया. अंतर दुप्पट केलं की तिथं पोचणारा प्रकाश चौथाई होतो, तेव्हा नुसते एलईडी वाढवून लांबचं दिसत नाही. शिस्तीत गोळा केलेला एक एलईडी विखुरलेल्या डझनभरांपेक्षा लांब पोचतो.

टॉर्च लेन्सला चिकटवून बसवू नये. हिवाळ्यात आमच्याकडं नदीकाठच्या रानात दव आणि धुकं इतकं असतं की लेन्सजवळून निघालेला प्रकाश त्या थेंबांवरूनच परत येतो आणि सगळा स्क्रीन पांढरा होतो, धुक्यात गाडीचा अप्पर मारल्यासारखा. टॉर्च वीतभर वर आणि जरा बाजूला नेली की निम्मा त्रास जातो. कॅमेरा बसवणाऱ्या प्रत्येकाला हे कोळ्यांमुळं माहीत असतं. कॅमेऱ्याच्या दिव्यांना किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो आणि रात्रभर मालकाला त्या जाळ्याशिवाय काही दिसत नाही. हातातल्या यंत्राला जाळं होत नाही, पण धुक्यात स्क्रीन पांढरा होण्याचं कारण तेच आहे, लेन्सजवळचा दिवा.

अवरक्त टॉर्चमध्ये जवळून डोळा लावून बघू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, बाहुली आकसत नाही, आणि प्रकाश मात्र तेवढाच आत जातो. मुलांच्या हाती ते खेळणं म्हणून देऊ नये.

स्क्रीनचंही तसंच. अंधाराला सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो आणि चमकता स्क्रीन क्षणात तो सराव मोडतो. म्हणून ब्राइटनेस अगदी कमी, वर लाल जिलेटिन. लाल उजेडानं रात्रीची नजर फारशी बिघडत नाही. शिवाय मुद्दा हा की यंत्रातून बघून झाल्यावर माणसाला साध्या डोळ्यानं चालायचंही असतं.

पहिल्यांदा हे हातात घेतलेला माणूस काय बघतो ते मी अनेकदा शेजारी उभा राहून पाहिलंय. उसाचा पांढरा पडदा, त्याच्या पुढं राखी रंगाचा बांध आणि कुठंतरी दोन चकत्या. रात्री फिरणाऱ्या बहुतेक प्राण्यांच्या डोळ्यामागं आरशासारखा पडदा असतो, तो प्रकाश आल्या वाटेनं परत पाठवतो. हळूहळू वाचता येतं. शेळीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून बहुतेक वेळा एकच दिसतो. कोल्ह्याचे जवळजवळ आणि सारखे हलणारे. रानमांजराचे बुटके, जमिनीलगत. बिबट्याचे समोर, एकमेकांपासून दूर, आणि ते हलत नाहीत. तो थांबून बघतो. तुम्ही बघताय हे त्याला बघण्याआधीच कळलेलं असतं, तुमच्या पायांच्या आवाजावरून. रानडुकराच्या डोळ्यात तो आरसा नसतोच, त्यामुळं डुक्कर म्हणजे उसाच्या कडेला हलणारा नुसता काळा गठ्ठा. चमकणारे डोळे शोधणारा माणूस डुकराला हमखास चुकतो आणि डुक्कर अंगावर आलं तर बिबट्याइतकंच वाईट. म्हणून मी सांगतो, डोळे शोधू नका. बांधाच्या सरळ रेषेत जे मोडलेलं दिसेल ते शोधा.

बिबट्याच्या अंगावरचे ठिपके अवरक्तातही दिसतात. मलाया द्वीपकल्पात तर काळ्या बिबट्यांची ओळख पटवायला संशोधकांनी याचाच आधार घेतला. तिथले बिबटे जवळजवळ सगळे काळे, दिवसाच्या फोटोत एकासारखा दुसरा. त्यांनी कॅमेरे दिवसाही अवरक्त फ्लॅशवर चालतील असे केले आणि काळ्या अंगावरचे ठिपके उमटले. २०१५ साली हे काम प्रसिद्ध झालं. माझ्यासारख्या कॅमेरे बसवणाऱ्या माणसाला त्यातली युक्ती अगदी ओळखीची वाटली.

परदेशात हेच सुटे भाग लोक रायफलच्या दुर्बिणीमागं बसवतात. टेक्ससमध्ये पिकात घुसणारी मोकाट डुकरं रात्री मारणं कायदेशीर आहे, तिथं अशी घरगुती यंत्रं बनवणारे खूप आहेत आणि त्यांची कारागिरी खरोखर चांगली असते. लेन्सचे, फोकसचे, टॉर्चचे कितीतरी बारकावे मी तशा लोकांच्या कामावरून घेतले. आमच्याकडंही एक ओळखीचे गृहस्थ आले, पीकसंरक्षणाची परवान्याची बंदूक त्यांच्याकडं आहे. म्हणाले, "दादा, हे बंदुकीवर बसवून द्या, पैसे सांगाल ते." मी नाही म्हणालो आणि आजही तेच म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते, हे झालं कायद्याचं. मला त्याहून मोठं कारण स्क्रीनवर दिसतं. १६ च्या लेन्समधून जो पट्टा दिसतो त्याच्या बाहेर काय आहे ते दिसत नाही, आणि पट्ट्याच्या आतसुद्धा उसाच्या पलीकडं काय आहे ते दिसत नाही. रात्रीची लाईट एका शेतकऱ्याला येत नाही, सगळ्या फीडरला येते. म्हणजे ज्या वेळी एक जण बांधावर उभा असतो त्याच वेळी आजूबाजूच्या प्रत्येक रानात कोणीतरी वाकून दारं धरत असतो. वाकलेला माणूस आणि डुक्कर, दोघांचे डोळे चमकत नाहीत. हे मी त्यांना दाखवलं. त्यांच्याच गड्याला साठ मीटरवर फावडं घेऊन वाकायला लावलं आणि स्क्रीन त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि यंत्र खाली ठेवलं. नंतर त्यांनी ते साधंच, हातात धरायचं नेलं.

ऊसतोड सुरू झाली की माझ्या या कामाला वेगळं वळण लागतं. फड तोडता तोडता मधल्या सरीत बछडी सापडतात. टोळीतल्या बायका ओरडतात, काम थांबतं, गर्दी जमते. मग वनखात्याची माणसं येतात, बछडी तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागेवर उघड्या क्रेटमध्ये ठेवतात, आई परत न्यायला येईल या भरवशावर. हा भरवसा बहुतेक वेळा खरा ठरतो. एकदा अशा वेळी मला कॅमेरा लावायला बोलावलं. तिथं हातातलं यंत्र चालत नाही, कारण माणूस जवळ असून चालत नाही. मी कॅमेरा क्रेटसमोर खुंटीला बांधला आणि सीसीटीव्हीची थ्री प्लस वन केबल ओढत रस्त्यावरच्या जीपपर्यंत आणली. एवढ्या लांब केबलमधून बारा व्होल्ट पाठवले तर पलीकडं पोचेपर्यंत ते खूप उतरतात, म्हणून बॅटरी कॅमेऱ्यापाशीच पुरली आणि केबलमधून फक्त चित्र आणलं. दिवाही बदलला. ८५० चा एलईडी अंधारात मंद लाल ठिणगी दाखवतो. माणसाला ती चालते, पण पिल्लाशी येणाऱ्या आईसमोर मला ती नको होती. ९४० चा काहीच दाखवत नाही. सेन्सर त्या टोकाला बराच मंद असतो, म्हणून दिवा क्रेटच्या जवळ, झाडाच्या फांदीवर टांगला.

जीपमध्ये आम्ही चौघं. वनरक्षक, वनपाल, शेताचे मालक आबा आणि मी. क्रेटमध्ये दोन बछडी एकमेकांवर पडून. बराच वेळ काही नाही. मग उभ्या उसाची कड हलली आणि ती बाहेर आली, पण क्रेटकडं नाही. ती तोडलेल्या फडाच्या कडेकडेनं पूर्ण वळसा घालून आली. माणसांनी दिवसभर जिथं जिथं बसून भाकरी खाल्ली होती तिथं तिथं थांबून वास घेतला. क्रेटपाशी आल्यावर आत डोकं घातलं, मागं घेतलं, परत घातलं. पहिलं बछडं मानेला धरून उचललं आणि त्याच कडेनं उसात गेली. दुसऱ्यासाठी परत येईपर्यंत आबा काही बोलले नव्हते. ती दुसऱ्याला घेऊन गेली तेव्हा म्हणाले, "पलीकडचा खोडवा आठ दिवस तोडायचा नाही. टोळीला मी सांगतो." मुकादमाशी त्यांचा त्यावरून वाद झाला, कारण टोळीचे आठ दिवस म्हणजे पैसे. त्यांनी टोळीला दुसऱ्या रानात लावून तो मिटवला.

रात्रीचं पाणीच बंद व्हायला हवं, हे मी ठामपणे मानतो. दिवसा वीज देण्यासाठी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. जिथं दिवसाची लाईट मिळते तिथं माझ्या यंत्राची गरज संपते आणि ती संपावी. तोवर जो माणूस विहिरीवर जातो त्यानं मोटारीच्या पेटीशी उभं राहून आधी वाट, मग बांध, मग उसाची कड अशी पाच मिनिटं नजर फिरवावी, डोळे दिसले तर मोटार न लावता माघारी यावं आणि शेजारच्याला फोन करावा. तात्या तसंच करतात. त्यांनी दोन शेजाऱ्यांनाही ते शिकवलंय.

सध्या मी ऊसतोड टोळ्यांसाठी एक बनवतोय. त्यांची राहायची कोपी उसाच्याच कडेला पडते, पहाटे अंधारात बायका चूल पेटवायला उठतात, पोरं बाहेर जातात. त्यांना लांबचं बघायची गरज नाही. वीस-पंचवीस मीटरचं पण रुंद दिसायला हवं, म्हणून ६ मिलिमीटरची लेन्स आणि टॉर्चऐवजी पसरट एलईडीची पट्टी लावून बघतोय. स्क्रीन कोपीच्या आत राहील, कॅमेरा बाहेर बांबूवर. बॅटरी दिवसा ट्रॅक्टरवरून भरायची. मुकादमानं एक टोळी द्यायचं कबूल केलंय, कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तिथं लावून बघणार आहे.